मुदत उलटलेलं माप

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त पत्रात. प्रत्यक्षात हल्ली वाकलो तर उठताना कुणाचातरी हात धरावा लागतो, आणि दुपारच्या वेळी आमच्या घरात धरायला हात नसतो.) तुमचा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारतोय, उजव्याची हकिकत मागच्या फोनवर कळली. वहिनी आता जिना चढताना मध्ये थांबत नाहीत असं त्यांनीच सांगितलं, ऐकून फार बरं वाटलं. तुमचा तो छोटा तराजू अजून ओट्यावरच आहे, की वहिनींनी तो माळ्यावर टाकला? वजनमाप खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या खिडकीखाली आली की भाजीवाली आपोआप मूठभर जास्त घालते, असंही वहिनी सांगत होत्या. दरारा म्हणतात तो हा.

समोर असलो की मी 'अरे दादा' करतो आणि पत्रात 'अहो-जाहो', याची तुम्ही मागे थट्टा केली होतीत. माझा इलाज नाही. हातात पेन आलं की माझ्या अंगात कंपनीचा तक्रार विभाग संचारतो, आणि तिथे आम्ही शिव्या देणाऱ्यालाही 'आदरणीय ग्राहक' म्हणत असू. तुम्ही तर शिव्याही देत नाही.

पत्रास कारण विशेष काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात की नोकरीचं काय चाललंय ते मोघम सांगू नकोस, सविस्तर लिहून कळव. तर हे सविस्तर. नमनालाच घडाभर तेल जातंय असं वाटलं तर पान उलटा, पुढेही तेलच आहे.

मूळ प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे, पण वहिनींपर्यंत पोचलेली आवृत्ती आमच्या हिने सांगितलेली आहे आणि तिच्यात माझं पात्र जरा गबाळं रंगवलंय, म्हणून पहिल्यापासून लिहितो. पंख्यांच्या कंपनीच्या तक्रार विभागात माझी उभी हयात गेली. लोक फोन करायचे, पंखा कटकट करतो म्हणून ओरडायचे, मी ऐकून घ्यायचो. निम्म्या पंख्यांना काही झालेलंच नसायचं. माणसाचं कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असायचं, डोक्यावर पंखा दिसायचा आणि सगळं त्याच्या नावावर जायचं. शांतपणे ऐकून घेतलं की आवाज कमी व्हायचा, माणसाचा आणि पंख्याचाही. मग कंपनीने एक यंत्र बसवलं. ते फार गोड बाईच्या आवाजात सांगतं की पातं वाकलं असल्यास एक दाबा, पंखा सावकाश फिरत असल्यास दोन दाबा. नुसतं ओरडायचं असल्यास काय दाबायचं ते मात्र सांगत नाही. त्या बाईमुळे आमचा अख्खा विभाग घरी बसला. निरोपाच्या वेळी साहेबांनी मला आमच्याच कंपनीचा पंखा भेट दिला. घरी आणून लावला, तर तो कटकट करतो. मी इमानेइतबारे तक्रारीचा फोन लावला, आणि त्या बाईने मला दोन दाबायला सांगितलं. दादा, हाडाच्या गवयाला कुणी सा लावून दाखव म्हणावं तसं झालं.

चिवट ग्राहक मी पुष्कळ पाहिले, पण तुमचा हात धरणारा एकही नाही, हे ओघात आलंच आहे तर लिहितो. गेल्या वर्षी वहिनींच्या ऑपरेशनच्या दिवसांत तुम्ही रोज दुपारी मला फोन करून तुमच्या पंख्याची घरघर सांगायचात, आठवतं ना? बायको दवाखान्यात आणि हा गृहस्थ घरी जाऊन पंख्याची घरघर ऐकत बसतो, म्हणून मी आमच्या हिच्यासमोर कपाळाला हात लावला होता. मी कपॅसिटर सांगून पाहिला, बेअरिंग सांगून पाहिलं, छताचा हूक सांगून पाहिला. मग बोलता बोलता गाडी कुठेही जायची, आईच्या हातच्या माराकडे, शाळेच्या गळक्या छपराकडे, आणि तुम्ही 'हं, हं' करत राहायचात. माझ्यासमोरचे सहकारी घड्याळाकडे बोट दाखवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घरघर! दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा मी पाना-पक्कड पिशवीत घालून आलो होतो, तर तुम्ही मला पंख्यापर्यंत जाऊच दिलं नाहीत. 'राहू दे, तू फोनवरच सांग' म्हणालात. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या आणि पंखाही गप्प झाला. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत कारण न कळता मिटलेली ती एकमेव तक्रार. असो.

नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा आमची ही रडली नाही की ओरडली नाही. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिने वेळापत्रक केलं. तिचं म्हणणं, नोकरी शोधणं हीसुद्धा नोकरीच आहे. तिने शाळेला निघायच्या आत मी दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेलो हवं. (सकाळी अर्ज, दुपारी फोन, संध्याकाळी चौकशा, आणि लोळणे या सदराखाली काही नाही.) पण इमारतीत एक इस्त्रीचा शर्ट दिवसभर घरी असतो ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी शेजारच्यांनी किल्ली ठेवली. मग वरच्यांची पार्सलं येऊ लागली. मग गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी. एका बाईंनी तर झोपलेलं बाळ ठेवलं आणि 'उठलं तर गाणं म्हणा' असं सांगून गेल्या. (उठलं. म्हटलं. बाळाने तक्रार नोंदवली.) सगळ्यांना वाटतं की मी मजेत आहे, आणि मी पुष्कळसा असतोही. पण खरं सांगू? संध्याकाळी जो तो आपापली किल्ली, आपापलं पार्सल घेऊन जातो आणि टेबल रिकामं होतं, तेव्हा मला भारी वाईट वाटतं. मला नोकरी हवी आहे, दादा. पगार हवाच आहे, पण दिवसातून चार माणसांनी माझ्यापाशी येऊन डोकं रिकामं करावं हेही हवं आहे. त्याशिवाय मला करमत नाही.

आता प्रयत्नांची हकिकत. पहिला प्रयत्न बायोडेटाचा. माझा मी लिहिला तो अर्ध्या पानात संपला: लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पुढेही ऐकेन. आमच्या लेकीने तो वाचून डोळे मिटून घेतले आणि लॅपटॉप ओढला. तासाभरात मी 'ग्राहकसंबंध व्यवस्थापनातील प्रदीर्घ अनुभवी व्यक्ती' झालो. चहाच्या वेळा मी ठरवत असे, त्याचं 'नेतृत्वगुण' झालं. वाचून मला इतका दरारा वाटला की हा माणूस भेटला तर मीच त्याच्याकडे नोकरी मागेन. वर तिने तंबी दिली की सगळीकडे एकच बायोडेटा पाठवायचा नाही, ज्या जागेला जे हवं तेच वर आणायचं. हे फार खरं आहे. पण मी उत्साहाच्या भरात इतके प्रकार केले की रंगाच्या कंपनीचा बायोडेटा रुग्णालयाला गेला. रुग्णालयाने कळवलं की भिंतींची मला असलेली आवड त्यांना भावली, तूर्त जागा नाही.

बायोडेटासोबत एक पत्र जोडायचं असतं. ते मी लेकीला दाखवलं नाही, कारण पत्र लिहिणं हा आपला हातखंडा, तिथे पोरीची मदत कशाला? इथेच गाडं अडलं. पंचवीसेक अर्ज गेल्यावर एक दिवस हिने सहज एक पत्र उचलून वाचलं आणि मटकन खाली बसली. दादा, सवय वाईट. मी प्रत्येक पत्राची सुरुवात अशी केली होती: 'आदरणीय महोदय, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.' आणि शेवट: 'असा प्रकार पुन्हा घडणार नाही याची खात्री बाळगावी.' नोकरीचा अर्ज आला आणि आधीच माफी मागतोय म्हटल्यावर कोण बोलावील? एका बिस्किट कंपनीचं उत्तर मात्र तत्परतेने आलं. त्यांनी तीन पानं भरून त्यांच्या गैरसोयी लिहिल्या होत्या. मी त्यांना सविस्तर उत्तर पाठवलं, त्यांचं समाधान झालं, नोकरीचा विषय दोन्हीकडून राहून गेला.

पत्रं सुधारली तशी मुलाखतीची बोलावणी येऊ लागली. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कचेरीत गेलो. समोरच्या साहेबांनी बायोडेटा पाहिला, कंपनीचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. 'तुमचा पंखा आहे आमच्याकडे,' म्हणाले, 'झोप म्हणून येत नाही!' झालं. मुलाखत राहिली बाजूला आणि मी त्यांना विचारू लागलो की आवाज सुरू केल्यावर लगेच येतो की तापल्यावर, आडवा येतो की उभा. बाहेर बाकीचे उमेदवार ताटकळत होते. शेवटी रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, स्टुलावर चढलो, सैल झालेला स्क्रू आवळला आणि त्यांच्या आईंकडून आशीर्वाद घेऊन आलो. साहेबांना आता गाढ झोप लागते. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या गृहस्थांना माझ्याबद्दल इतका आदर वाटू लागला की मला हाताखाली घेणं त्यांना बरं दिसेना, असं त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

मग हिने मला सार्वजनिक वाचनालयात पिटाळलं. तिथे मंगळवारी एक तरुण सल्लागार बाई बसतात आणि नोकरी कशी शोधावी ते फुकट सांगतात. (फुकट म्हटल्यावर मी साशंक होतो, पण बाई सोन्यासारख्या आहेत.) त्यांनी विचारलं, नोकरी शोधताय हे किती जणांना माहीत आहे? मी म्हटलं, कुणालाच नाही, लाज वाटते. त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, 'काका, बऱ्याच जागा जाहिरात यायच्या आधीच भरतात, ओळखीतून. तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर कुणाला कळणार?' मला पटलं, आणि पटलेली गोष्ट मी जरा जास्तच करतो हे तुम्ही जाणता. मी सगळ्यांना सांगत सुटलो. रांगेतल्या पुढच्याला सांगितलं, मागच्याला सांगितलं. दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितलं, त्यांना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. चुकीच्या नंबरवरून फोन आला, त्यालाही सांगितलं. त्याने बिचाऱ्याने आपल्या मेहुण्याचा नंबर दिला, मेहुणाही नोकरी शोधतोय निघाला, आम्ही आता अधूनमधून बोलतो. लोक सहानुभूती दाखवू लागले. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून 'झालं ते झालं, घरच्यांकडे बघा' असं म्हणाले. भीक नको पण कुत्रा आवर, अशी पाळी आली.

पण फळ आलं, आणि आलं ते न्हाव्याच्या खुर्चीत. आमचे न्हावी कैची चालवताना सगळ्यांचं सगळं ऐकतात, आणि ऐकलेलं योग्य डोक्यापाशी पोचवतात. माझे केस कापताना ते म्हणाले की लिफ्टच्या कंपनीतली एक बाई मुलाला घेऊन आली होती, तिला माणूस मिळत नाहीये. लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटेचं लाल बटण दाबतो, ते बटण फोनसारखं कंपनीत वाजतं, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्याशी कुणीतरी बोलत राहावं लागतं. कंपनीने तिथेही यंत्र लावून पाहिलं होतं. अडकलेल्या माणसाला ते 'तळमजल्यासाठी एक दाबा' सांगायचं. एका आजींनी म्हणे आतून त्या यंत्राला चपलेने मारलं. आता त्यांना जिताजागता माणूस हवा. दादा, अर्धे केस कापलेले असताना मी खुर्चीतून उठलो. न्हाव्याने खांदा दाबून बसवलं, कारण मुलाखतीला अर्ध्या केसांनी जाता येत नाही.

मुलाखतीच्या आधी घरात तालीम झाली. ही मधोमध, लेक शेजारी, आणि मी समोर स्टुलावर. तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता, असं हिने विचारलं. सल्लागार बाईंनी शिकवलं होतं की खरा पण किरकोळ दोष सांगावा आणि तो सुधारायला काय करतोय तेही सांगावं. मी विचार करतोय तोवर हिनेच उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि जेवायची वेळ झाली तरी ती दोषांच्या पहिल्या प्रकरणातच होती. पण तालमीचा उपयोग झाला. प्रत्यक्ष मुलाखत मला त्यापुढे पाणी भरेल अशी वाटली.

ती अशी. कंपनीच्या कचेरीत शिकाऊ मेकॅनिकांसाठी एक जुनी लिफ्ट ठेवलेली आहे. एका उमेदवाराला त्या लिफ्टमध्ये बंद करायचं, दुसऱ्याने टेबलावरून फोनवर त्याला धीर द्यायचा, मग उलट. साहेबबाई (सर्दीने नाक लाल झालेल्या, पण नजर तुमच्या जातीची, मापात पाप दिसलं की धरणारी) कानाला यंत्र लावून ऐकणार. आधी मला आत घातलं. दिवा गेला, लिफ्ट हिसका देऊन थांबली, मी लाल बटण दाबलं. पलीकडे एक चुणचुणीत तरुण होता, बाहेर बसलो होतो तेव्हा तो मला मुलाखतीच्या चार युक्त्या शिकवत होता. आता मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना. 'काका... तुम्ही... आहात ना?' म्हणाला, आणि पुढे नुसता श्वास. मी म्हटलं, आहे रे बाबा, मी कुठे जातोय, लिफ्ट बंद आहे. तू बसलायस का उभा? आधी बस. पाणी आहे का जवळ? घोटभर पी. मी इथे छान आहे, पाठ टेकायला भिंत आहे, वारा येतोय. मग त्याला घरी कोण कोण असतं ते विचारलं. तो आईबद्दल बोलायला लागला आणि हळूहळू त्याचा आवाज ताळ्यावर आला. अडकलेला मी, आणि धीर देतोय मीच! दार उघडलं तेव्हा साहेबबाई समोर उभ्या होत्या. मला वाटलं गेली नोकरी, नियम मोडला. त्या शिंकल्या, आणि म्हणाल्या, 'तुमची पाळी झाली असं समजा.'

तर दादा, असं सगळं आहे. नोकरी शोधणाऱ्या कुणी तुम्हाला विचारलंच तर सांगा की माणसांना सांगत सुटावं, पत्रात माफी मागू नये आणि न्हावी बदलू नये. इकडे सर्व क्षेम. ही आणि लेक तुम्हा उभयतांना नमस्कार सांगतात. गुडघ्याला जपा, तराजू उचलताना कंबरेतून वाकू नका. वहिनींना सांगा की त्यांच्या हातचा चहा प्यायला लवकरच येतोय.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. ताकाला येऊन भांडं कशाला लपवू? साहेबबाईंनी जागा मलाच द्यायचं मनात आणलंय, फक्त मला ओळखणाऱ्या एका जबाबदार माणसाशी बोलायचं बाकी आहे. माझ्या जुन्या साहेबांचं नाव मी देऊ शकत नाही. तेही घरी बसलेत, त्यांनी जबाबदार माणूस म्हणून माझं नाव दिलंय, आणि दोघांनी एकमेकांची एकाच शब्दांत केलेली स्तुती मागे एका कंपनीच्या ध्यानात आली होती. म्हणून तुमचं नाव दिलं. येत्या गुरुवारी तुम्हाला फोन येईल. हे मी फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच 'मी जे आहे तेच सांगणार' म्हणाला असतात. पत्राला मध्ये तोडता येत नाही.

दुसरा ता. क. खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही उभ्या आयुष्यात खोटं बोलला नाहीत, मी तुम्हाला काय शिकवणार? फक्त थोडक्यात बोला एवढीच विनंती. याआधी दोन ठिकाणी माझं काम अगदी होत आलं होतं, आणि दोन्हीकडून तुम्हाला फोन गेला होता. पहिल्यांना तुम्ही विचारलंत, 'प्रामाणिक म्हणजे कितपत? मापात चुकीला सूट किती धरायची?' दुसऱ्यांना तुम्ही सांगितलंत की वजनमाप ठरावीक मुदतीने पुन्हा तपासावं लागतं, या माणसाची माझ्याकडून शेवटची तपासणी तो शाळेत असताना झाली, मुदत उलटलेल्या मापावर मी शिक्का मारत नाही. तुमचं बरोबरच होतं, दादा. माझी काही तक्रार नाही (विभागही बंद झालाय). पण या वेळी मनापासून सांगतो, ही नोकरी मला फार हवी आहे. 'माणूस बरा आहे' एवढे तीन शब्द बोलून फोन वहिनींना द्या.

तिसरा ता. क. वहिनींसाठी. वहिनी, गुरुवारी दादांच्या जवळपास राहा. ते 'तथापि' म्हणाले की जोरात खोका.

चौथा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. साहेबबाईंना गुरुवारी परगावी जायचं निघालं, म्हणून त्यांनी आज सकाळीच तुला फोन केला. मला आत्ता त्यांचा फोन आला होता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्या म्हणाल्या, तुमच्या दादांनी सगळं सांगितलं. वेळेवर येतो का? येतो. टापटीप आहे का? नाही. थोडक्यात बोलतो का? मुळीच नाही, जेवून बसा. मी मनात म्हटलं, झालं, चौथ्या प्रश्नाला मुदत उलटणार. मग त्यांनी तुला विचारलं की घाबरलेल्या माणसाला हा शांत करू शकेल का.

त्यानंतर तू काय म्हणालास ते त्यांनी मला शब्दन्‌शब्द सांगितलं. सांगताना मध्येच थांबून नाक पुसलं. सर्दी अजून आहे, किंवा ती सर्दी नव्हती. तू म्हणालास, 'माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा मी घरी जातच नव्हतो. तिथल्याच जिन्यात उभा राहून याला फोन करायचो. मला भीती वाटते असं म्हणता येत नाही, म्हणून पंखा बिघडलाय म्हणायचो. हा बोलत राहायचा, आणि मला धीर आला की मी फोन ठेवून आत तिच्याकडे जायचो. रोज तपासलाय मी हा माणूस. मारा शिक्का.'

सोमवारपासून कामावर या म्हणाल्यात.

दादा, आत्ताच वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, आपला पंखा कधी बिघडलाच नाही. म्हणजे उभ्या आयुष्यात तू एकदाच खोटं बोललास, तेही रोज, आणि मी गाढव तुला बेअरिंग समजावत बसलो. मी इथे टेबलाशी बसून ढसाढसा रडलो, शेजारच्यांच्या किल्ल्या समोर ठेवून. वरचं काही खोडत नाही, तुला सविस्तर हवं होतं. फक्त एक मागणं आहे. तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे लाल बटण दाबून तू मला बोलावू शकणार नाहीस. तेव्हा फोन कर. दुपारीच कर. पंखा घरघर करतोय म्हण, मी आधी तुझ्या घरचं सगळं विचारीन आणि मग कपॅसिटर सांगीन.